सहावा शुक्रवार, नववा शुक्रवार

चीनचा वसंतोत्सव आज घेऊ असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. पण मधेच शिरोलीहून एका वाचकांचा फोन आला आणि त्यांनी नेमकं माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. त्यामुळे चीन पुढे ढकलतो.

या गृहस्थांचा कास्टिंगचा धंदा आहे. श्टुटगार्टजवळच्या एका गिऱ्हाइकाला भेटायला जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय. म्हणाले, "गुरुवारी ४ जूनला तिकडे सुट्टी आहे हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणून मुद्दाम शुक्रवारची वेळ मागितली. तर दोन ओळींचं उत्तर आलं, शुक्रवार जमणार नाही. आमचं काही चुकलं का हो?"

चुकलं काहीच नाही. हीच गोष्ट मी १९९८ साली स्वतःच्या पैशांनी शिकलो आहे.

तेव्हा आमचं फिक्स्चरचं वर्कशॉप भोसरीत नुकतं रांगायला लागलं होतं. वेस्टफालियात, बीलेफेल्डच्या अलीकडे, एक कारखाना आमचा नमुना बघायला तयार झाला. सुट्ट्यांची यादी मीही पाहिली होती. २१ मे, गुरुवार, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस, सगळं बंद. म्हणून २२ तारखेची वेळ ठरवली. फेब्रुवारीत फोनवर बोलणं झालं, समोरच्याने कॅलेंडर न बघताच 'हो' म्हटलं आणि मीही ते 'हो' कागदावर पक्कं करून घेतलं नाही. गुरुवारी सकाळी गावात उतरलो, तर हातगाड्या ओढत निघालेले पुरुषांचे घोळके दिसले. गाडीत बिअरचे क्रेट, डोक्यावर पानाफुलांच्या टोप्या, मोठमोठ्याने गाणी. मला आधी वरात वाटली. पण नवरी कुठे दिसेना. मग कळलं, स्वर्गारोहणाचा गुरुवार हाच तिथला 'बाबांचा दिवस', आणि तो साजरा करायची तिथली रीत ही अशी.

शुक्रवारी सकाळी साडेआठला अकरा किलोचा नमुना खांद्याला लावून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. आत पार्किंगमध्ये तीन गाड्या. केबिनमधल्या वयस्क पहारेकऱ्याने चार ठिकाणी फोन लावले, कुणी उचलला नाही. मग त्याने मला आत बसवलं, थर्मासमधली कॉफी दिली आणि रद्दी कागदावर पेन्सिलीने एक चित्र काढलं. डावीकडे एक काठ, त्यावर 'गुरुवार'. उजवीकडे दुसरा, त्यावर 'शनिवार'. मधे नदी, नदीवर पूल आणि पुलावर गळ टाकून बसलेला एक माणूस. खाली लिहिलं, 'ब्रुकेनटाग'. पुलाचा दिवस. तो माणूस म्हणजे ज्याला भेटायला मी आलो होतो तो.

मी त्याला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्या भोसरीतही कारखाने गुरुवारीच बंद असतात. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून औद्योगिक वसाहतीला गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, आणि रविवारी भोंगा नेहमीसारखा वाजतो. विजेचं त्याला समजलं. रविवारी काम करतात हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

तर, जोडून सुट्टी घ्यायची कला आपल्याला नवीन नाही. मंगळवारी दिवाळी आली की सोमवारी निम्मं ऑफिस सीएलवर असतं. फरक इतकाच की आपल्याकडे कोणता सण कोणत्या वारी येईल याचा नेम नसतो, म्हणून जोडसुट्टी हा नशिबाचा भाग. जर्मनीत दोन सण कायमचे गुरुवारी. स्वर्गारोहण पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी, ईस्टरचा रविवार पहिला धरून मोजलं तर गुरुवारच येतो. दुसरा फ्रोनलाइखनाम. येशूचं शेवटचं भोजन गुरुवारी झालं, पण त्या दुःखाच्या आठवड्यात उत्सव कसा करणार, म्हणून कॅथलिकांनी तो पुढे नेला आणि वार मात्र गुरुवारच ठेवला. म्हणजे दरवर्षी, न चुकता, दोन पूल तयार.

आता माझी आवडती युक्ती. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात गुड फ्रायडे छापलेला असतो. त्याच्यापुढचे शुक्रवार मोजा. सहावा शुक्रवार हा पहिला पूल, नववा शुक्रवार हा दुसरा. सोळा सोमवारांसारखं लक्षात ठेवायचं. यंदा, २०२६ मध्ये, गुड फ्रायडे ३ एप्रिलला. सहावा शुक्रवार १५ मे, नववा ५ जून. शिरोलीकरांनी मागितलेली तारीख हीच.

आणि पुढच्या सालचं कॅलेंडर हाती नसेल तर? ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. आपल्या भाषेत सांगायचं तर होळीची पौर्णिमा २१ मार्चला किंवा नंतर आली तर तिच्या पुढचा रविवार, अलीकडे आली तर हनुमान जयंतीच्या पुढचा. २०२४ ला होळी २४ मार्चला पेटली, ईस्टर ३१ ला. यंदा होळी मार्चच्या सुरुवातीलाच, म्हणून हनुमान जयंती धरायची. ती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. चैत्र अधिक आला की हे गणित फसतं, आणि चर्चची पौर्णिमा त्यांच्या तक्त्यातली असते, आकाशातली नव्हे. पण तिकिटाचा अंदाज बांधायला एवढं पुरतं. ग्रीस, रुमानिया, सर्बियात मात्र हे चालवू नका. तिकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं पंचांगच वेगळं. यंदा त्यांचा ईस्टर आठवडाभर उशिरा, १२ एप्रिलला आहे.

इथवर सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. 'जर्मनीची सुट्टी' अशी वस्तू जवळपास नसतेच. देशभर पाळल्या जाणाऱ्या सुट्ट्या नऊ, आणि त्यांतही केंद्राच्या कायद्याने दिलेली एकच, ३ ऑक्टोबरचा एकीकरण दिन. बाकी सगळं त्या त्या राज्याच्या हातात. स्वर्गारोहण सगळीकडे. फ्रोनलाइखनाम मात्र सहा राज्यांत आणि सॅक्सनी-थुरिंगियातल्या काही गावांत. श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट, कोलोन बंद, आणि त्याच गुरुवारी हॅनोव्हर, हॅम्बुर्ग, बर्लिन रोजच्यासारखे कामावर.

मानहाइम आणि लुडविग्सहाफेन ही दोन शहरं ऱ्हाइनच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, मधे खराखुरा पूल. ६ जानेवारीला मानहाइममध्ये तीन राजांच्या सणाची सुट्टी, दुकानं बंद. पूल ओलांडला की राज्य बदलतं, आणि लुडविग्सहाफेनमध्ये चालू बुधवार किंवा गुरुवार, जो काही वार असेल तो. बवेरियाने तर याच्यावर कडी केली आहे. १५ ऑगस्टला मेरीच्या सणाची सुट्टी गावागणिक ठरते. गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त असतील तर सुट्टी, नाहीतर कामाला चला. त्याच बवेरियातल्या आउग्सबुर्गला ८ ऑगस्टची शांततोत्सवाची सुट्टी आहे, ती फक्त त्या शहराच्या हद्दीत. १६५० पासून तो सण चालत आला आहे. एका शहरापुरती सरकारी सुट्टी जर्मनीत दुसरीकडे कुठे नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला 'जर्मनीत कधी सुट्टी आहे' असं विचारूच नका. त्याच्या कारखान्याच्या गावाचं नाव घेऊन विचारा, मुख्य कचेरीच्या गावाचं नको.

जाता जाता एक खवचट तर्क. १९९५ मध्ये दीर्घ आजारात सेवा-शुश्रूषेसाठी जो सक्तीचा विमा आला, त्याचा मालकांवरचा बोजा भरून काढायला एक सुट्टी रद्द करायची ठरली. गेली ती नोव्हेंबरातली प्रायश्चित्त आणि प्रार्थनेची सुट्टी. फक्त सॅक्सनीने ती राखली, आणि त्याबद्दल तिथले नोकरदार आजही त्या विम्यात जास्त हिस्सा भरतात. ही सुट्टी कायम बुधवारी यायची. मला वाटतं, बुधवारला दोन्ही बाजूंनी पूल लांब, म्हणून त्याला कुणी वाली मिळाला नाही. गुरुवारला हात लावला असता तर रस्त्यावर हातगाड्या उतरल्या असत्या.

या पुलाला प्रत्येक देश वेगळं म्हणतो. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश सगळे पूलच म्हणतात. ऑस्ट्रियन त्याला 'खिडकीचा दिवस' म्हणतात. स्वीडिश लोक म्हणतात 'चिमटीतला दिवस', दोन सुट्ट्यांमध्ये चेंगरलेला. सुट्टी घेणाऱ्याला तो पूल दिसत असावा, आणि ज्याला त्या दिवशी एकट्याने ऑफिस सांभाळायचंय त्याला चिमटा. यंदा फ्रान्सला जाणाऱ्यांनी तर मे महिना विसरावा. १ मे शुक्रवार, ८ मे महायुद्ध संपल्याची सुट्टी तीही शुक्रवारी, १४ ला स्वर्गारोहण आणि १५ ला पूल. सलग तीन आठवडे शुक्रवार गेले.

मागच्या दोन हप्त्यांत चीनच्या सरकारी सुट्ट्या पाहिल्या, त्यांच्याशी ताडून बघा. तिथे पूल सरकार बांधतं आणि त्याचा टोल शनिवार-रविवारी काम करवून वसूल करतं. म्हणून सगळा देश एकदम बंद, एकदम चालू. जर्मनीत पूल ज्याचा त्याने आपल्या रजेतून बांधायचा. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान वीस दिवस रजा, धातुउद्योगाच्या करारात तीस. वर्षाच्या सुरुवातीलाच विभागात यादी फिरते, पुलाच्या तारखांवर नावं पडतात, ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांचा विचार आधी. काही कारखाने कामगार प्रतिनिधींशी बोलून तो शुक्रवार सगळ्यांनाच रजेचा करून टाकतात. यातलं काहीच सरकारी यादीत दिसत नाही. यादी 'शुक्रवार, कामाचा दिवस' असंच सांगते. शिवाय शुक्रवार आधीच अर्धा. 'फ्रायटाग आब आइन्स, माख्ट येडर जाइन्स' अशी म्हणच आहे. शुक्रवारी एक वाजल्यावर ज्याचं त्याने बघावं.

माल पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री बारापासून पुढच्या रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरचे ट्रक तिथे रस्त्यावर येऊ शकत नाहीत. ताजं दूध, भाजीपाला अशांना सूट आहे, कास्टिंगला नाही. आणि ही बंदीही राज्याप्रमाणे. फ्रोनलाइखनामच्या गुरुवारी हॅम्बुर्गहून निघालेला ट्रक उत्तरेत बिनधास्त पळतो आणि सुट्टीवाल्या राज्याची हद्द आली की थांबतो. गुरुवारी थांबलेला माल शुक्रवारी पोचला, तरी तो उतरवून घ्यायला माणूस हवा, आणि तो माणूस पुलावर.

पुलाचा शुक्रवार अगदीच वाया जातो असंही नाही. विक्रीसाठी जाणाऱ्याने टाळावा. पण नवीन मशीन बसवायचं असेल, जुन्याचं बेअरिंग बदलायचं असेल, तर याच्यासारखा दिवस नाही. लाइन बंद असते, क्रेन मोकळी असते, मेंटेनन्सवाले मुद्दाम हीच वेळ धरून असतात. आमचे फिटर मी दोनदा सहाव्या शुक्रवारीच पाठवले, आणि दोन्ही वेळा काम शनिवारी दुपारपर्यंत उरकलं. आणि एखादा डिझाइनवाला म्हातारा, मुलं मोठी झालेली, गर्दीच्या दिवशी फिरायला जायचं नाही म्हणून ऑफिसात येऊन बसलेला, असा भेटला तर नशीबच. एरवी वीस मिनिटं देणारा माणूस त्या दिवशी दोन तास बसतो, कारण त्याचा फोन वाजत नाही. फक्त तो असणार आहे याची खात्री आदल्या आठवड्यात लेखी करून घ्या. फेब्रुवारीतल्या 'हो'वर जाऊ नका.

तर शिरोलीकर, तुमच्यापुढे दोन वाटा. पहिली म्हणजे मंगळवार-बुधवारी श्टुटगार्ट उरकायचं आणि गुरुवारी सकाळी आगगाडीने चारेक तासांत हॅनोव्हर गाठायचं. तिथे गुरुवारही कामाचा, शुक्रवारही. उत्तरेत एखादं गिऱ्हाईक असेल तर दोन दिवस पदरात पडतात.

पण मला ही वाट फारशी पसंत नाही, त्याचं कारण तुमच्या यादीत नसेल. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गच्या शाळांना फिंग्स्टनची, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाची सुट्टी यंदा २६ मे ते ५ जून आहे. म्हणजे तुमचा शुक्रवार हा त्या सुट्टीचाही शेवटचा दिवस. ज्याच्या घरी शाळेतलं पोर आहे तो खरेदी अधिकारी मंगळवारीही नसण्याची दाट शक्यता. भेटेल तो त्याच्या जागी बसलेला, आणि तो सगळं ऐकून घेऊन 'साहेब आल्यावर कळवतो' म्हणेल. म्हणून दुसरी वाट, सगळा दौराच आठवडाभर पुढे न्या. ९ किंवा १० जून मागा. सगळे परत आलेले असतील, आणि उन्हाळ्याची मोठी सुट्टी तिकडे जुलैअखेरीशिवाय लागत नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकीट काढलंय हो. बदलायचं तर पैसे कापतील." कापू द्या. माझ्या अकरा किलोच्या नमुन्याला त्या वेळी जाताना आणि येताना, दोन्हीकडे जादा वजनाचे पैसे पडले होते.