नेमबाजीची जुनी रिमफायर पिस्तुले : मूल्यनिर्धारण

ज्या काडतुसात ठिणगी पाडणारे स्फोटक द्रव्य मध्यभागी वेगळ्या टोपीत न ठेवता पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते, त्यास रिमफायर काडतूस म्हणतात. अशा काडतुसावर चालणाऱ्या व केवळ लक्ष्यवेधासाठी बनविलेल्या पिस्तुलांत ५·६ मिमी. व्यासाची, म्हणजे ·२२ बोअरची पिस्तुले प्रमुख होत. त्यांपैकी अनेक उत्कृष्ट नमुन्यांचे उत्पादन आता थांबले आहे. अशा पिस्तुलाची न्याय्य किंमत ठरविताना त्याची ओळख, स्थिती व उपयुक्तता यांचा विचार सर्वत्र करावा लागतो. भारतात त्यांच्या जोडीला कायद्याने निर्माण केलेल्या दुर्मिळतेचाही विचार करावा लागतो. वस्तूचे मूल्य आणि दुर्मिळतेचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी होत. त्या एकत्र मिसळल्या, की खरेदीदार फसतो किंवा विक्रेता नागवला जातो.

इतिहास : फ्रान्समधील लुई निकोला फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास खोलीतल्या खोलीत नेमबाजी करता येईल असे लहान काडतूस तयार केले. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरबरोबर ·२२ शॉर्ट हे काडतूस आणले आणि १८८७ मध्ये ·२२ लाँग रायफल हे आजही सर्वाधिक वापरले जाणारे काडतूस प्रचारात आले. स्वस्त दारूगोळा, मंद आवाज व अल्प धक्का या गुणांमुळे ते नेमबाजीस सोयीचे ठरले.

जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीने १९१५ मध्ये काढलेले व पुढे ‘वुड्समन’ या नावाने प्रसिद्ध झालेले अर्धस्वयंचलित पिस्तूल १९७७ पर्यंत तयार होत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मन नेमबाजांनी वाल्टर कंपनीच्या पिस्तुलावर यश मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच आराखड्यावरून स्वित्झर्लंडमधील हेमर्ली कंपनीने पिस्तुले बनविली व नंतर आपले ‘२०८’ हे स्वतंत्र पिस्तूल काढले. १९४९ मध्ये बाजारात आलेले रूगर पिस्तूल अवघ्या ३७·५० डॉलरना मिळे. याउलट, स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल ४१’ (१९५७) हे प्रथमपासूनच महागडे, स्पर्धेसाठी घडविलेले पिस्तूल होते. अमेरिकेतील हाय स्टँडर्ड कंपनी १९८४ मध्ये बंद पडली. रशियातील मार्गोलिन पिस्तुलाचे जनक मिखाईल मार्गोलिन हे अंध होते.

भारतात नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होते आणि त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरविली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मी. पिस्तूल या ·२२ बोअरच्या प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉन (दक्षिण कोरिया) येथील विश्वचषक स्पर्धेत व २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. अशा यशामुळे या क्रीडाप्रकाराकडे वळणाऱ्यांना जुन्या पिस्तुलांविषयीही कुतूहल वाटू लागते.

ओळख : मूल्यनिर्धारणाची पहिली पायरी म्हणजे पिस्तूल नेमके कोणते, हे ठरविणे. कंपनीचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली अनेक दशके भिन्न दर्जाचे नमुने निघालेले असतात. नमुना, अनुक्रमांक, नळीची लांबी व कसोटीची चिन्हे एकत्र पाहावी लागतात. ही चिन्हे अधिकृत तपासणीगृहात जादा दाबाचे काडतूस उडवून नळीची ताकद अजमावल्याची साक्ष देतात. जर्मन पिस्तुलांवर त्यांच्याजवळ बहुधा वर्षाचा संकेतही असतो. ओळखीचा संबंध सुरक्षिततेशीही येतो. उदा., १९३२ पूर्वीची बहुतेक कोल्ट वुड्समन पिस्तुले अतिवेगी काडतुसांसाठी बनविलेली नव्हती. पिस्तुलावरील अनुक्रमांक परवान्यातील अनुक्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. तो जुळत नसल्यास नोंद दुरुस्त होईपर्यंत किमतीची चर्चा व्यर्थ होय.

स्थिती : पोलादावरील मूळची निळसर काळी झिलई किती टिकली आहे, यावर संग्राहक विशेष भर देतात. नव्याने दिलेली झिलई दिसावयास आकर्षक असली, तरी तिच्यामुळे किंमत सामान्यतः घटते, कारण ती देण्यापूर्वी धातू घासला जातो. बोथट झालेल्या कडा, पुसट झालेली अक्षरे व पसरट झालेली स्क्रूची भोके ही तिची लक्षणे होत. नेमबाजाच्या दृष्टीने मात्र बाह्यरूपापेक्षा नळीची अवस्था महत्त्वाची असते. सु. १९३० पूर्वीच्या ·२२ काडतुसांतील ज्वालक द्रव्यामुळे नळीत क्षारयुक्त अवशेष राहून गंज चढत असे. म्हणून त्या काळातील पिस्तुलांच्या नळीतील आटे प्रकाशात निरखून पाहावेत.

रिमफायर पिस्तुलांत एक दोष विशेषत्वाने आढळतो. रिकामे पिस्तूल वारंवार चालविल्यास फायरिंग पिनचे टोक काडतुसाच्या कडेऐवजी चेंबरच्या पोलादी काठावर आदळते व तेथे बारीक उठाव निर्माण होतो. परिणामी काडतूस नीट बसत नाही किंवा रिकामी पुंगळी अडकते. स्थानिक कारागिराने फाजील कठीण पोलादाची पिन बसविली असल्यास हा दोष बळावतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलांत स्लाइडवरील सूक्ष्म तडे तपासावेत. कोकणातील व घाटमाथ्यावरील दमट हवेत, तसेच पोलीस ठाण्याच्या मालखान्यात दीर्घकाळ पडून राहिलेल्या पिस्तुलात, मुठीच्या लाकडी पट्ट्यांखाली गंज दडलेला असतो. पट्ट्या उघडल्याखेरीज केलेली तपासणी अपुरी समजावी.

पूर्णता : मूळ मॅगझिन, तोलासाठीची वजने, हत्यारे, पेटी व माहितीपुस्तिका यांनी मूल्य वाढते. त्यांपैकी मॅगझिन सर्वांत महत्त्वाचे, कारण ते बहुधा त्याच नमुन्याचे लागते व उत्पादन थांबल्यावर सहजी मिळत नाही. पूर्वीच्या मालकाच्या हाताच्या मापाने तासलेली मूठ नव्या मालकास निरुपयोगी ठरू शकते. मूळ मूठ सोबत असल्यास हा तोटा भरून निघतो.

उपयुक्तता : स्पर्धांचे नियम बदलले, की पिस्तुलाचे मोलही बदलते. २५ मी. प्रकारात चाप ओढण्यास किमान १,००० ग्रॅ. दाब लागला पाहिजे, पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि नळी १५३ मिमी.पेक्षा लांब नसावी, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. लांब नळीची अनेक जुनी पिस्तुले त्यामुळे या स्पर्धांतून बाद होतात. जलदगती प्रकारात पूर्वी ·२२ शॉर्ट काडतुसाची पिस्तुले वापरीत. २००५ पासूनच्या नियमांनी त्यांची जागा ·२२ लाँग रायफलच्या पिस्तुलांनी घेतली. ५० मी. पिस्तूल हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला व त्यासाठी घडविलेल्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या अत्यंत अचूक पिस्तुलांची मागणी घटली. अशी पिस्तुले यांत्रिक कौशल्याचे उत्तम नमुने असली, तरी त्यांना आता नेमबाजापेक्षा संग्राहकच अधिक मोल देतो. ज्याचे काडतूस सहज मिळत नाही, त्या पिस्तुलाची उपयुक्तता त्याच मानाने कमी धरावी.

कायदा व दुर्मिळता : शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. वापरता न येणाऱ्या व दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या कालबाह्य शस्त्रांना या अधिनियमातून सूट आहे, परंतु चालू स्थितीतील पिस्तूल कितीही जुने असले, तरी त्यास परवाना लागतो. परवानाधारकास आपले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकता येते. तथापि, तत्पूर्वी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांस लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या सुधारणेने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आली. क्रीडा नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे.

१९८० नंतरच्या दशकात खाजगी व्यक्तींनी करावयाच्या शस्त्र-आयातीवर कडक निर्बंध आले व ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांपुरती उरली. परिणामी देशात पूर्वीच आलेल्या परदेशी पिस्तुलांची संख्या जवळजवळ स्थिर राहिली व मागणी वाढत गेली. परदेशातील लिलावांत मिळालेल्या किमती म्हणूनच येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्या किमतींवरून एका नमुन्याचे दुसऱ्याच्या तुलनेतील मोल मात्र समजते. तुलना करताना विक्रेत्याने मागितलेली किंमत न धरता प्रत्यक्ष मिळालेली किंमत धरावी. क्रीडासवलतीखाली आयात केलेल्या पिस्तुलांच्या हस्तांतरणावर अटी असल्याने आयातीचे मूळ कागद पाहणे अगत्याचे आहे.

दुर्मिळतेचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. निर्दोष व परिपूर्ण पिस्तुलाचे वस्तुमूल्य १०० मानू. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पिस्तुलास नवी झिलई दिल्याबद्दल २५, मॅगझिन नसल्याबद्दल १० व चेंबरच्या दुरुस्तीसाठी ५ वजा केल्यास त्याचे वस्तुमूल्य ६० राहते. कायदेशीररीत्या हस्तांतरित होऊ शकणाऱ्या कोणत्याही पिस्तुलास दुर्मिळतेपोटी १५० अधिक मिळतात, असे धरल्यास बाजारात पहिल्याची किंमत २५० व दुसऱ्याची २१० होईल. वस्तू म्हणून पहिले दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक मोलाचे असूनही किमतींतील अंतर एकपंचमांशाहून कमी दिसते. अशा बाजारात उत्तम पिस्तुलाचा विक्रेता तोट्यात राहतो आणि सदोष पिस्तुलाचा खरेदीदार अवाजवी किंमत मोजतो. शिवाय आयातधोरण सैल झाल्यास दुर्मिळतेचे १५० अल्पावधीत नाहीसे होऊ शकतात, वस्तुमूल्य मात्र टिकते. म्हणून मूल्यांकनपत्रात हे दोन आकडे स्वतंत्रपणे दाखविणे श्रेयस्कर होय.

वारसांचा प्रश्न : मूल्यनिर्धारणातील अन्यायाची झळ बहुधा मृत परवानाधारकाच्या वारसांना लागते. मोठ्या शहरात नेमबाज, संग्राहक व अनेक शस्त्रविक्रेते असल्याने किमतीची चौकशी शक्य असते. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावी असे पिस्तूल एखाद्या घरात निघाल्यास त्याची तुलना करण्यास दुसरे पिस्तूल आसपास नसते. कुटुंबात कोणी नेमबाज नसतो आणि परवान्याविना शस्त्र घरात ठेवणे हा गुन्हा असल्याने विक्रीची घाई होते. अशा वेळी पहिला विक्रेता सांगेल ती किंमत स्वीकारली जाते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने फार जुन्या शस्त्राच्या मूळ नोंदी संस्थानी दप्तरातील असू शकतात. असे कागद जुने म्हणून टाकून देऊ नयेत, कारण शस्त्राच्या वैध मालकीची साखळी त्यांवरून सिद्ध होते.

कायद्यानेच या घाईवर एक उपाय ठेवला आहे. परवाना संपुष्टात आल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. विहित मुदतीत वारसास आपल्या नावे परवाना मागता येतो किंवा ते पात्र व्यक्तीस विकता येते. मुदत उलटू दिल्यास मात्र शस्त्र सरकारजमा होऊ शकते. जमा करताना पिस्तूल स्वच्छ करून तेल लावावे. अनुक्रमांक, मॅगझिनांची संख्या व इतर साहित्य पावतीवर नोंदवून घ्यावे, कारण नोंद नसलेले मॅगझिन पुढे गहाळ झाल्यास त्याची भरपाई मागणे अवघड जाते.

मिळालेल्या या अवधीत दोन निरनिराळ्या ठिकाणांहून लेखी मूल्यांकन घेता येते. मूल्य ठरविणारा व विकत घेणारा एकच नसावा, हा मूल्यनिर्धारणातील सर्वमान्य नियम येथे कसोशीने पाळला पाहिजे. नेमबाजी संघटनांतील अनुभवी प्रशिक्षकाचा सल्ला या कामी उपयोगी पडतो, कारण पिस्तुलाची अचूकता व त्यातील दोष तो वापराच्या अनुभवातून ओळखू शकतो. ओळख निश्चित झालेली, स्थिती नोंदविलेली, कागद पूर्ण असलेले व घाईविना विकले जाणारे पिस्तूल ज्या किमतीस जाते, ती किंमत सामान्यतः न्याय्य समजण्यास हरकत नाही.