पायथन : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

१९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेचं ऑफिस बंद राहणार होतं. तिथे काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांच्या घरी कॉम्प्युटर होता आणि हाताला दुसरं काम नव्हतं. सुट्टीतला उद्योग म्हणून त्यांनी एक नवी स्क्रिप्टिंग भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. तीच पायथन. आज सीबीएसईची अकरावी-बारावीची मुलं कॉम्प्युटर सायन्समध्ये हीच भाषा शिकतात. एक्सेलमध्ये तेच ते काम करून कंटाळलेली ऑफिसातली माणसंही तिच्याकडे वळतात. नवख्याच्या कानावर मात्र भाषेच्या आधी तिच्याबद्दलच्या वावड्या पडतात. त्यांतल्या काही साफ खोट्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या. घोळ घालतात त्या अर्ध्या खऱ्याच.

गैरसमज : ‘स्क्रिप्टिंगची भाषा म्हणजे किरकोळ कामांची भाषा’

एप्रिल २०१९ मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या माहितीतून ती घडवताना नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब ही पायथनची पॅकेजेस वापरली गेली. इन्स्टाग्रामचा सर्व्हर जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कवर उभा राहिला. वैज्ञानिक माहिती त्रिमितीत दाखवणारं ‘मायावी’ हे पॅकेजही पायथनमधलंच; आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या प्रभू रामचंद्रन यांनी ते घडवलं. शे-दोनशे फोटोंची नावं एका दमात बदलणं, दहा फाइलींतले आकडे एकत्र करणं ही कामं ती करतेच, पण तिची धाव तिथे संपत नाही.

गैरसमज : ‘पायथन संथ आहे, मग शिकून काय उपयोग?’

हे अर्धं खरं. एकेक आकडा हाताळणारा लूप सी भाषेत कित्येक पटींनी लवकर संपतो. पायथन आपला कोड आधी बाइटकोडमध्ये बदलते आणि मग इंटरप्रिटर त्यातली एकेक सूचना वाचून चालवतो. शिवाय प्रत्येक बेरजेआधी समोर आकडा आहे की मजकूर, हे प्रोग्राम चालू असतानाच तपासावं लागतं. वेळ जातो तो इथे.

पण नमपायला दहा लाख आकड्यांची बेरीज सांगितली, की खरी मोजणी आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये होते. पायथन फक्त हुकूम सोडते. मूळ भाषाही सुधारते आहे : ऑक्टोबर २०२२ ची ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी वेगवान निघाली. नवशिक्याचा प्रोग्राम रखडतो, तेव्हा लूपच्या आत तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडली जात नाही ना, हे आधी पाहावं.

गैरसमज : ‘फुकट आहे, म्हणजे कुणी वाली नाही’

पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था २००१ पासून आहे. जुलै २०१८ मध्ये व्हॅन रॉसम अंतिम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाले. २०१९ पासून मुख्य डेव्हलपर मतदानाने पाच जणांची समिती निवडतात आणि ती कारभार पाहते. आता दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम विकायलाही मुभा आहे. त्यासाठी परवाना शुल्क नाही आणि स्वतःचा कोड जगजाहीर करायची सक्तीही नाही.

गैरसमज : ‘पुस्तक जुनं असलं तरी भाषा तीच’

डिसेंबर २००८ मध्ये आलेली पायथन ३ जाणूनबुजून जुन्या आवृत्तीशी फारकत घेणारी होती. पायथन २ ला १ जानेवारी २०२० पासून अधिकृत आधार उरलेला नाही, पण त्या काळातली पुस्तकं आणि नोट्स अजून हातोहात फिरतात. जुन्या पुस्तकात प्रिंट या शब्दापुढे कंस नसतो. तसं लिहिलं तर आजची पायथन कंस राहिल्याचं लगेच सांगते, त्यामुळे ती चूक निभावते.

भागाकाराचं तसं नाही. जुन्या पायथनमध्ये ७ भागिले २ चं उत्तर ३ यायचं, आता ३.५ येतं. एरर येत नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो आणि हिशेब मात्र चुकतो. म्हणून पुस्तक घेताना मुखपृष्ठाआधी आवृत्तीचा आकडा बघावा.

गैरसमज : ‘फाडफाड इंग्रजी हवं’

पायथनचे राखीव शब्द आहेत अवघे ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न अशांसाठी शब्दकोश लागत नाही. शिवाय पायथन ३ मध्ये मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि व्हेरिएबलचं नावही देवनागरीत देता येतं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ‘गाव’ आणि उजवीकडे अवतरणात ‘पुणे’ लिहिलं, तर पायथन तक्रार करत नाही. अवतरणातले देवनागरी ४५ इंट या फंक्शनला दिले, तर त्यांचा खराखुरा आकडा होतो आणि त्यात पाच मिळवले की पन्नास येतात. मात्र अवतरणाबाहेर, थेट कोडमध्ये देवनागरी आकडा चालत नाही.

गंमत लांबी मोजताना येते. ‘पुणे’ या शब्दाची लांबी लेन या फंक्शनला विचारली, तर उत्तर येतं ४. अक्षरं दोनच दिसतात, पण युनिकोड प, उकार, ण आणि मात्रा असे चार घटक मोजतं. मराठी नावांच्या याद्यांवर काम करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी समजून घेतलेलं बरं. समजावणारा कुणी जवळ नसेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा उपयोग होतो; मुक्त सॉफ्टवेअरचे त्यांचे अनेक धडे मराठीसह भारतीय भाषांत ऐकता येतात.

गैरसमज : ‘हिला साधी बेरीजही जमत नाही’

०.१ अधिक ०.२ असं विचारलं, की पायथन ०.३ पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४ असं उत्तर देते. हा पायथनचा दोष नाही. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हेच घडतं. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं तर तीनाचे आकडे संपत नाहीत. द्विमानात एक दशांशाची तीच गत होते, आणि कॉम्प्युटरला कुठेतरी थांबून जवळची किंमत ठेवावी लागते. पैशांच्या हिशेबासाठी पायथनसोबतच येणारं डेसिमल मॉड्यूल वापरावं, किंवा रुपयांऐवजी पूर्णांकात पैसे मोजावेत.

गैरसमज : ‘पहिल्याच पायरीला अडलं, म्हणजे आपलं काम नव्हे’

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं आणि नवखा बुचकळ्यात पडतो. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी पाथची चौकट असते. तिथे टिक करायची राहिली, की हे होतं. इन्स्टॉलर पुन्हा चालवून टिक केली की प्रश्न मिटतो. दुसरी नेहमीची अडचण ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेची. सी भाषेत महिरपी कंस जे काम करतात, ते इथे ही जागा करते. पीडीएफमधून उतरवलेल्या कोडची ती जागा वाटेत गळते, आणि पुस्तकात बरोबर असलेला प्रोग्राम आपल्याकडे चालत नाही. प्रत्येक पातळीला चार स्पेस हा रूढ संकेत. टॅब आणि स्पेसची सरमिसळ टाळावी.

एररचा लांबलचक मजकूर आला, तर वाचन तळापासून सुरू करावं. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. ऑक्टोबर २०२१ मधल्या ३.१० पासून हे संदेश बरेच बोलके झाले आहेत. प्रिंटचं स्पेलिंग चुकलं, तर ‘तुम्हाला प्रिंट म्हणायचं होतं का’ असं पायथनच विचारते. कंस मिटायचा राहिला, तर आधीच्या आवृत्त्या बहुधा पुढच्या निर्दोष ओळीकडे बोट दाखवायच्या. आता उघडा राहिलेला कंस कुठला, ते नेमकं सांगितलं जातं.