पाणी पिणारा दगड

तुमच्या घरात पाटा-वरवंटा आहे का? नसेल तर आजीकडे नक्की असेल. त्यावर चमचाभर पाणी टाका आणि बघत बसा. काय होतं? काहीच नाही. पाणी ओघळून जातं नाहीतर तिथेच बसून राहतं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असा घट्ट मनाचा! महाराष्ट्रात वाढलेल्या मुलांना वाटतं, दगड म्हणजे हे असंच असणार. मलाही वाटायचं.

मग मी कच्छमध्ये, भुजला गेले. तिथल्या एका पिवळट-तांबूस दगडावर बाटलीतलं पाणी सांडलं, आणि ते चक्क आत गेलं. दगडाने पाणी प्यायलं! नखाने खरवडलं तर बोटाला वाळू लागली. हा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक. भूशास्त्रज्ञ याला ‘भुज फॉर्मेशन’ म्हणतात. वाळूचे कण एकमेकांना चिकटून तो बनलाय, आणि कणांच्या मधे बारीक बारीक फटी राहिल्यात. पाणी शिरतं ते त्या फटींमध्ये. तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. तोच गंज कण चिकटवायलाही मदत करतो.

पण एवढी वाळू आली कुठून? कच्छचं वाळवंट म्हणून वाऱ्याने उडून आली असेल, असं म्हणाल. चूक! ही वाळू नद्यांनी आणली.

चला, 12-13 कोटी वर्षं मागे जाऊ. क्रिटेशियस नावाचा काळ चालू आहे. जमिनीवर डायनोसॉर आहेत, फुलझाडं जगात नुकती कुठे येऊ लागली आहेत. भारत विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला, मादागास्करला चिकटलेला. गोंडवन नावाचा अवाढव्य खंड फुटतोय, आणि त्या ओढाताणीत कच्छची जमीन ताणली गेली आहे. भाकरीच्या पिठाचा गोळा दोन्ही हातांनी ओढला की मधे पातळ होतो, तडकतो. जमिनीचंही तसंच. भेगा पडल्या आणि दोन भेगांमधला तुकडा खाली खचला. अशा खळग्याला खचदरी म्हणतात.

कच्छच्या खचदरीत आधी समुद्र शिरला होता. त्या वेळच्या खडकांत अमोनाइट नावाच्या प्राण्यांचे गोल गोल शंख खच्चून भरलेत. मग समुद्र हळूहळू मागे हटला आणि ईशान्येकडच्या उंच प्रदेशातून नद्या उतरल्या. त्यांनी वाळू टाकली, चिखल टाकला, समुद्राच्या तोंडाशी त्रिभुज प्रदेश केले. गंमत अशी की खळगा भरून संपेना! कारण तळ अजून खचतच होता. असं करत करत शेकडो मीटर जाडीचा थर साचला. काठावरच्या झाडांची पानंही त्यात अडकली. टिलोफायलम नावाच्या झाडाचं पान तर फणीसारखं दिसतं, मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना दाते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. भुजजवळ खारी नदीची घळ आहे. पावसाळा सोडला तर तिथे पाणी फारसं नसतं, म्हणून खाली उतरून कडे जवळून बघता येतात. कड्यावर तिरक्या रेघांचे पट्टे दिसतात. एक पट्टा तिरका, वर सपाट रेघ, मग पुन्हा तिरका. कुणीतरी फणी फिरवल्यासारखं.

या रेघा म्हणजे त्या जुन्या नदीची चाल. नदीच्या तळाशी वाळूचे छोटे उंचवटे असतात. प्रवाह वाळूचा कण ढकलत ढकलत उंचवट्याच्या चढावर नेतो. माथ्यावर पोचला की कण पलीकडच्या उतारावर घरंगळतो. घसरगुंडीच! कणांमागून कण घसरतात आणि वाळूचा एकेक तिरका पापुद्रा तयार होतो. घसरगुंडीचं तोंड नेहमी पाणी जातं त्या बाजूला. म्हणजे रेघा ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला नदी वाहत होती! मोठा लोंढा आला की उंचवट्याचा माथा खरवडला जातो, ती सपाट रेघ. नदी केव्हाच नाहीशी झाली, पण ती कुठे निघाली होती हे आज होकायंत्र धरून सांगता येतं. मला हे कुठल्याही जादूपेक्षा भारी वाटतं.

पुढे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्यापासून बनला तो लाव्हा उसळला, आणि तसाच काळा कातळ कच्छमध्येही या वाळूच्या खडकावर पसरला. म्हणजे तुमचा पाटा आणि भुजचा दगड शेजारी निघाले! त्यानंतर भारत सरकत जाऊन आशियाला धडकला. ज्या भेगा पूर्वी ताणामुळे उघडल्या होत्या, त्या आता दाबल्या जातात आणि तिथली जमीन उलट्या दिशेने सरकते. 26 जानेवारी 2001 चा कच्छचा भीषण भूकंप अशाच दाबामुळे झाला.

आणि तो पाणी पिणारा स्वभाव? कच्छमध्ये पाऊस अगदी थोडा. पण पडलेलं पाणी हा खडक पोटात धरून ठेवतो. भुजच्या परिसरातल्या कितीतरी विहिरींना आणि बोअरला याच खडकातलं पाणी येतं. उपसा फार झाला की मात्र ते मचूळ होऊ लागतं.

भुजला गेलात तर घळीत उतरून रेघा शोधा, होकायंत्र सोबत न्या. घरांच्या भिंतींतही हाच दगड दिसेल, तशाच रेघांचा. पण तिथे नदीची दिशा मोजायला जाऊ नका. गवंड्याने तो दगड कसाही फिरवून बसवलेला असतो.