थंडीतला डोह

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगवणारी मांजरा लातूर आणि बिदर मागे टाकून तेलंगणात शिरते. तिथं तिला मंजिरा म्हणतात. १९६५पासून तिचं पाणी हैदराबादच्या नळांना येतं, तरी तिच्या काठावर उभं राहिलेले हैदराबादकर मोजकेच सापडतील. संगारेड्डीजवळ ती उत्तरेकडे वळते, निझामसागर भरते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. पावसाळ्यात गढूळ असलेली ही नदी डिसेंबरमध्ये निवळते, तिची धार बारीक होते, खडक उघडे पडतात आणि खोल डोह तेवढे पाणी धरून राहतात. काठावरून गळाने मासे धरणाऱ्याला नदी नीट दिसते ती याच दिवसांत.

हैदराबादेत माशांचा हंगाम म्हटला की लोकांना जून आठवतो. मृगाच्या सुरुवातीला, मृगशिरा कार्तीच्या दिवशी, मासे खायचेच अशी तिथली रीत आहे. त्याच सुमारास नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या पिल्लातून औषध देतं आणि त्यासाठी गावोगावचे लोक रांगा लावतात. रामनगरच्या मासळीबाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गळ टाकणाऱ्याने मात्र जूनमध्ये काठापासून दूर राहावं, असं माझं ठाम मत आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे पहिल्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. मरळ उथळ पाण्यातल्या गवतात घरटं करते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्यावर पहारा ठेवते. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला वर चढणारे, मासे धरायला माणसं ओढ्यांत उतरतात, तेव्हा हाती लागणाऱ्या बहुतेक माशांच्या पोटात गाभोळी असते. पूर्वी नद्या भरलेल्या होत्या, माणसं थोडी होती, तेव्हा ते खपून गेलं. आज अंड्यावरची एक मोठी मादी काढली की पुढच्या वर्षीची पिल्लावळच कमी होते. थंडीत अंडी घालायची नसतात, पिल्लं सांभाळायची नसतात. या दिवसांत गळाला लागलेला मासा सोडून दिला, तर त्याच्या घरसंसाराचं काही बिघडत नाही.

अर्थात हिवाळ्यात मासा मिळवणं अवघड असतं. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं आणि त्याबरोबर त्याची भूकही उतरते. रोहू-कटल्यांना साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. विशीच्या खाली त्यांची वाढ मंदावते आणि १४ अंशांच्या खाली रोहू नीट तग धरत नाही. हैदराबादेत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा पंधरा अंशांच्या आसपास आणि काही दिवस त्याहूनही खाली जाते. पाणी सावकाश निवतं, त्यामुळे ते इतकं उतरत नाही. पण माशाला सुस्त करायला तेवढा गारठा पुरतो. मग तो धारेत पोहण्याची ताकद खर्च करत नाही. डोहाच्या तळाशी, खडकाच्या आडोशाला, धार आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतात त्या रेषेच्या आतल्या बाजूला तो थांबतो. खाणं समोर आलं तर तोंड उघडतो, त्याच्या मागे लांबवर धावत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या थंड नद्यांमध्ये हीच गोष्ट फार टोकाला गेलेली दिसते. तिथला स्मॉलमाउथ बास हा मासा पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की उन्हाळ्यातली उथळ, खडकाळ जागा सोडतो. काही नद्यांत तो अनेक किलोमीटर पोहून एखाद्या खोल डोहात जातो आणि कळपाने हिवाळा काढतो. जिथं नदी गोठत नाही, तिथले शौकीन जाड कपडे चढवून काठावरून त्याला शोधतात. त्यांची सगळी विद्या दोन गोष्टींत आहे. पहिली, तो डोह ओळखणं. दुसरी, आमिष इतकं हळू ओढणं की ते हलतंय की थांबलंय याचा संभ्रम पडावा. दख्खनच्या नदीला बर्फ ठाऊक नाही, पण या दोन्ही गोष्टी मांजरेच्या काठी जशाच्या तशा लागू पडतात.

डोह कसा ओळखायचा? नदी वळते तिथं बाहेरच्या काठाला पाणी आदळतं आणि तळ खोल खोदतं, आतल्या काठाला वाळू साचते. तेव्हा वाळूच्या बाजूला उभं राहून समोरच्या खोल बाजूला गळ टाकावा. काळ्या खडकाचा कडा सरळ पाण्यात उतरत असेल तर तो बहुधा पाण्याखालीही तसाच उतरलेला असतो. पाण्याचा रंग हिरव्यावरून काळसर होतो, तिथं खोली वाढलेली असते. दगडाच्या मागे पृष्ठभागावर फेस गोल फिरत राहतो, तिथं खाली संथ जागा आहे. हे सगळं पावसाळ्यात झाकलेलं असतं, म्हणून नदी शिकायची तर हिवाळ्यातच.

तलावाचं गणित थोडं निराळं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काठावरचं उथळ पाणी दिवसभर तापतं. दख्खनवर या दिवसांत वारा बहुतेक पूर्व-ईशान्येचा असतो. तो पृष्ठभागावरचं कोमट पाणी आणि त्यावर तरंगणारं खाद्य पश्चिमेच्या काठाकडे ढकलतो, आणि सकाळचं पहिलं ऊनही याच काठाला मिळतं. म्हणून वायव्येचा कोपरा धरावा, असं मी नवख्यांना सांगतो. सकाळी लवकर जाण्याची हौस उन्हाळ्यासाठी ठेवावी. थंडीत खरी हालचाल साडेदहा-अकरानंतर सुरू होते आणि ऊन कलेपर्यंत टिकते. नोकरदाराला, वयस्कर माणसाला आणि मुलं बरोबर नेणाऱ्याला याहून सोयीची वेळ नाही.

हैदराबादच्या आसपास गळाला लागणाऱ्या माशांत मान मरळीचा. तेलुगूत कोर्रमीनू. २०१६ साली तेलंगणाने हिला राज्यमासा ठरवलं. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असल्याने ती पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेते. पृष्ठभागावर येऊ दिलं नाही, तर पाण्यातही गुदमरते. उन्हाळ्यात तिचा हा श्वास वारंवार दिसतो आणि तिची जागा उघड करतो. गार पाण्यात तिला प्राणवायू कमी लागतो, ती क्वचित वर येते, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. दुपारच्या उन्हात कमळाच्या आणि पाणगवताच्या कडेला रबरी बेडूक टाकून, दोन-तीन हात ओढून, बराच वेळ तसाच ठेवला, की गवत फाडून ती येते. हा रबरी बेडूक बाजारात आल्यापासून जिवंत बेडूक गळाला टोचण्याची गरज उरलेली नाही, ही मला फार मोठी सुधारणा वाटते.

रोहू-मृगळांसाठी अजून कणीक आणि शेंगदाण्याची पेंड यांचाच गोळा चालतो. त्यात कोण काय मिसळतो हे प्रत्येक जण गुपित ठेवतो. थंडीत फरक करायचा तो प्रमाणात. उन्हाळ्यात मासे जमवायला मूठ-मूठ पेंड फेकतात. हिवाळ्यात तेवढी टाकली तर मंद भुकेचा मासा त्यावरच तृप्त होतो आणि गळाकडे बघत नाही. गोळी हरभऱ्याएवढी करावी, गळ लहान घ्यावा आणि पाणी नितळ असल्याने दोरा बारीक लावावा. मोरपिसाच्या दांडीचा जुना फ्लोट इथं फॅक्टरीच्या फ्लोटला भारी पडतो, कारण थंडीतला रोहू ओढ देत नाही. दांडी जराशी आडवी होते किंवा केसभर वर येते, तेवढाच इशारा. एरवी वरच्या थरात चरणारा कटला या दिवसांत खाली जातो, तेव्हा खोली वाढवावी लागते. तळाशी हिंडणारा शिंगाळा संध्याकाळी, आणि खडकांच्या फटींत राहणारी वाम अंधार पडताना गांडुळाला येते. शिंगाळ्याला शास्त्रीय नाव मिळालं ते याच मराठी नावावरून. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ साली इथल्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि स्थानिक लोक जी नावं सांगत होते ती त्याने लॅटिनमध्ये चढवली. पुण्याच्या मुळा-मुठेतला महासीरही त्यातच आहे, टॉर खुद्री.

या महासीराची पुढची कहाणी प्रत्येक गळकऱ्याला ठाऊक असायला हवी. लोणावळ्याजवळ वलवण इथं टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. मासा वाचवण्याचं ते मोठं काम होतं. पण ती पिल्लं पुढे कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला अवाढव्य महासीर होता. गळाने धरून सोडून देण्याच्या कावेरीकाठच्या तळांवर रोजच्या नोंदी ठेवल्या जात, आणि पुढे संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्याच वह्या तपासल्या. बाहेरचा महासीर वाढत गेला आणि कुबडाचा दिसेनासा झाला, हे त्या आकड्यांतून स्पष्ट झालं. त्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि तोवर तो नष्ट होण्याच्या टोकाला पोहोचला होता. स्मॉलमाउथ बासनेही परक्या मुलखात हेच केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉन्डेगाट नदीतले मूळचे छोटे मासे त्याने इतके संपवले, की २०१२ साली नदीच्या एका भागात औषध घालून बास मारावा लागला. म्हणून कुणी चांगल्या खेळासाठी एखादा परदेशी मासा आपल्या तलावात सोडायचं म्हणालं, तर त्याला थांबवावं. तिलापिया आणि आफ्रिकी मागूर यांनी आपल्याकडे जे करायचं ते करून ठेवलं आहेच.

गळ कुठे टाकावा, याला कायदाही आहे. सिंगूर धरणापासून मंजिरा बंधाऱ्यापर्यंतचा नदीचा पट्टा १९७८पासून अभयारण्य आहे. तिथं मगरी राहतात, पक्षी घरटी करतात, आणि गळाला पूर्ण मनाई आहे. त्या मनाईमुळेच खालच्या डोहांना मासे मिळतात. इतर जलाशयांवर मच्छीमार सहकारी संस्थांचे हक्क असतात. सरकार दर वर्षी जे मत्स्यबीज सोडतं, त्यावर त्यांची चूल चालते. त्यांना विचारल्याशिवाय काठावर बसू नये, मोठा मासा मिळाला तर त्यांच्याशी बोलून ठरवावं. निघताना तुटलेला नायलॉन दोरा वेचून आणावा. बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात अडकलेला दोरा ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

खुद्द शहरातल्या मुसी नदीची स्थिती लिहिताना वाईट वाटतं. २८ सप्टेंबर १९०८च्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर १९२०मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७मध्ये उभा राहिला. या दोन तलावांच्या वर पाणी अजून पाणी आहे. त्यांच्या खाली, शहरातून जाताना, मुसीला हिवाळ्यात मिळतं ते मुख्यतः सांडपाणी. तिथं धरलेला मासा खाऊ नये.

आणि मांजरेचं काय? हिवाळ्यात काठावरून गळ टाकायचा तर नदीत डोह शिल्लक हवेत, आणि डोह टिकायला वाळू हवी. वाळू पाणी धरून ठेवते आणि धार आटल्यावर ते डोहात झिरपत राहतं. लातूर-बिदरच्या पट्ट्यात ती वर्षानुवर्षं उपसली गेली. त्यात दुष्काळ आला. २०१६च्या एप्रिलमध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात माणसांच्या तहानेच्या बातम्या झाल्या, ते बरोबरच होतं. डोहातल्या माशांची बातमी कुणी केली नाही. असा डोह एकदा आटला की धरणात सोडलेल्या बीजाने तो भरून येत नाही. रोहू-कटला येतो, पण शिंगाळा, वाम आणि खडकाला चिकटून राहणारे छोटे मासे वरच्या किंवा खालच्या जिवंत पाण्यातूनच परत यावे लागतात, आणि मध्ये बंधारे असतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने महासीर शतकानुशतकं राखला गेला. मांजरेकाठच्या गावांनी आपापला एकेक डोह वाळूवाल्यांपासून तसाच राखला, तर नदीला बीज उरेल.

हिवाळ्याचं पाणी आता न्यायालयाच्या तारखांनीही वाटलेलं आहे. मांजरा ज्या गोदावरीत मिसळते, तिच्यावर नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादजवळ बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१३च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, मग बंद करायचे, आणि १ मार्चला तेलंगणासाठी ०.६ टीएमसी पाणी सोडायचं. म्हणजे काठावरच्या मासेमारीचे चारही महिने नदी बंद दारांच्या दोन बाजूंना विभागलेली असते. वर तुडुंब, संथ पाणी, जिथं तलावाचे नियम चालतात. खाली उघडे खडक आणि तुटक डोह. हैदराबादहून येणाऱ्याने खालची बाजू निवडावी, तिथं नदी वाचायला मिळते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जावं, डोहांची खोली दोरीला शिसं बांधून मोजावी, तारीख, पाण्याचं तापमान आणि मिळालेल्या प्रत्येक माशाची जात-लांबी वहीत उतरवावी. फेब्रुवारी सरता सरता पाणी तापतं, मासे डोहातून पांगतात, आणि १ मार्चला दरवाजे उघडले की खालच्या सगळ्या खुणा पुन्हा पाण्याखाली जातात.