आईच्या ठुमरीला ड्रमची साथ

आमच्या शिवडीत ताशा मोहरममध्ये ऐकू येतो आणि गणपतीतही. त्याला जातपात कुणी विचारत नाही. ड्रमसेटचं मात्र तसं नाही. चांगले दर्दी लोकही त्याचं नाव काढताच कानांवर हात ठेवतात. ‘ते संगीत नव्हे, गोंगाट!’ अशा मंडळींसाठी आज मुंबईच्या त्रिलोक गुर्टू यांच्याविषयी बोलायचं आहे.

त्रिलोक यांचा जन्म १९५१ सालचा. आई शोभा गुर्टू म्हणजे ठुमरी-दादऱ्यातलं फार मोठं नाव. शाह अब्दुल करीम यांच्याकडे त्यांनी तबल्याची तालीम घेतली आणि सत्तरच्या दशकात ते ड्रमसेटकडे वळले.

आता ही दोन वाद्यं पाहा. तबलजीचं काम दोन हातांचं. ड्रमरला दोन पायही राबवावे लागतात. एका पायाने मोठा बास ड्रम, दुसऱ्याने हाय-हॅट ही झांजांची जोडी आणि हातांतल्या काठ्यांनी बाकीचे ड्रम. रॉकचं चक्र बहुधा चार ठोक्यांचं असतं, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर. आपल्या तीनतालाच्या मात्रा सोळा. पहिलीवर सम, नववीवर काल. एकच तुकडा तीनदा वाजवून नेमकं समेवर यायचं, ती तिहाई. हा लांब पल्ल्याचा हिशेब त्रिलोक यांनी ड्रमवर आणला.

त्यांनी एक गंमत १९९५ सालच्या एका मुलाखतीत सांगितली होती. जिमी हेंड्रिक्स, जॉन कोल्ट्रेन यांचं संगीत ते ऐकून ऐकून शिकले. पण स्टुडिओत एका वादनावर दुसरं वादन चढवता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे एरवी ज्यांच्या वाटेला गेले नसते, असे कितीतरी तुकडे त्यांनी बसवले. अज्ञानाचा असा फायदा क्वचितच कुणाला होतो!

पुढे त्यांनी ड्रमरचं स्टूलही सोडलं. अर्धवट गुडघ्यावर टेकून, जमिनीलगत मांडलेले ड्रम ते वाजवू लागले, शेजारी तबला. जवळ पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली, की तिचा सूर खाली घसरतो. तेही त्यांनी वादनात घेतलं.

‘ओरेगॉन’ या अमेरिकी वाद्यवृंदातले तबला-सतार वाजवणारे कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले. त्यानंतर त्यांच्या जागी त्रिलोक आले. ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्याबरोबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी वाजवलं. नृत्यसंगीतात गाजलेल्या रॉबर्ट माइल्स यांच्याबरोबरचा त्यांचा अल्बम २००४ मध्ये आला. गॅरी मूर या रॉक गिटारवादकानेही त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो १९८८ सालचा ‘उस्फ्रेत’, त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम. त्यात शोभाताई गायल्या आहेत. ठुमरीत एका शब्दाच्या शंभर छटा दाखवणारी ही गायिका. ड्रम म्हणजे नुसता गोंगाट असता, तर त्यावर आपला सूर तिने ठेवला असता का? मुलगा आहे म्हणून लाड केले, असं म्हणावं, तर सुरापुढे असले लाड चालत नाहीत. शोभाताई २००४ मध्ये गेल्या. ते ध्वनिमुद्रण मात्र आहे.

कधी मिळालं तर जरूर ऐका. आधी आईचा आवाज ऐका, मग पुन्हा लावून त्यामागचा ड्रम. कानांवरचे हात आपोआप खाली येतील आणि एखादा मांडीवर ठेकाही धरेल.