तांबडा दिवा

आमची मारुती ८०० ही २००३ सालची. करमाळ्यातल्या नव्या गाड्यांवर आता अकलूजचा ४५ आकडा दिसतो. आमची सोलापूरच्या १३ मधली, म्हणजे जुन्या पिढीतली. पंधरा वर्षे झाली तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, पुढे पाच वर्षांनी पुन्हा करून घेतले. ‘आता विकून टाका’ असे सांगणारे थकले, गाडी थकली नाही. फक्त गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिच्या डोळ्यात एक तांबडा ठिपका दिसू लागला. स्पीडोमीटरजवळचा ब्रेकचा दिवा.

प्रथम तो वळणावरच लागे. देवीच्या माळाकडे वळताना क्षणभर लुकलुकायचा आणि सरळ रस्त्याला लागले की विझायचा. हँडब्रेक पुरता खाली गेला नसेल म्हणून मी दांडा दाबून पाहिला. तो खालीच होता. एका गॅरेजवाल्याने दांड्याखालचे बटन साफ करून पत्री थोडी वाकवली. आठ दिवस शांतता. मग दिवा पुन्हा हजर. दुसऱ्याने बॉनेट उघडले, पांढऱ्या डबीतले ब्रेक ऑइल कमी झालेले दाखवले आणि भरून दिले. ही शांतता पंधरा दिवस टिकली. तिसऱ्या खेपेला तोच म्हणाला, “सर, जुन्या गाडीचं वायरिंग असंच असतं. दिवाच काढून टाकू का?”

मी ‘हो’ म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर काढला आणि परीक्षेत त्यावर उदाहरणे घातली. पण बंद भांड्यातला द्रव कमी होतो, तर तो जातो कुठे, हा प्रश्न स्वतःच्या गाडीपुढे उभे राहून एकदाही विचारला नाही. त्याने मीटर खोलून इवलासा बल्ब माझ्या हातावर ठेवला. मी तो कमलाभवानीच्या प्रसादाच्या पुडीच्या कागदात गुंडाळून समोरच्या कप्प्यात टाकला.

डिसेंबरात मुलगी आणि नात रेल्वेने जेऊरला उतरणार होत्या. पहाटे त्यांना घेऊन मी करमाळ्याकडे निघालो. उसाचा हंगाम, त्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते ट्रॅक्टरच्या मालकीचे असतात. धुक्यात अचानक उसाची ट्रॉली समोर आली. उभी, मागे ना दिवा ना लाल पट्टी. पाय ब्रेकवर गेला आणि पेडल खालीच गेले. अगदी तळाशी कुठेतरी ते अडले, गाडी घसटत गेली आणि वाढ्यांचे शेंडे बॉनेटवर टेकले तेव्हा थांबली. नात मागच्या सीटवर झोपलेली होती. ती जागी झाली नाही. मुलगी काही बोलली नाही. घरापर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये आलो.

त्या दिवशी गाडी जागेवरून हलवली नाही. एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना घरीच बोलावले. त्यांनी दिव्याबद्दल सुरुवातीला काही विचारलेच नाही. डबी पाहिली आणि चाकांभोवती फिरून आतल्या बाजूला हात घालून बोटे हुंगली. डाव्या मागच्या चाकाशी ते थांबले. ड्रम काढला तर आत सगळे ओले. व्हील सिलिंडरचे रबर फाटले होते, तेल गळून लायनरवर पसरले होते.

“दिवा खोटं बोलत नव्हता, सर. तुमीच त्येला गप बसवला.”

मग तिथेच विटेवर बसून त्यांनी जे सांगितले, त्यात माझ्या वाचनाची थोडी भर घालून सांगतो. डबीत एक तरंगता खटका असतो. पातळी काठावर आली की वळणावर तेल एका बाजूला जाते, खटका खाली बसतो आणि दिवा लागतो. म्हणून तो आधी वळणावर लागत होता. पातळी उतरण्याची कारणे मुख्यतः दोन. पुढचे डिस्क पॅड झिजतात, तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि जास्त तेल तिकडे राहते. ही घट अगदी सावकाश असते. नाहीतर गळती. पंधरा दिवसांत उतरली तर दुसरे काही शोधूच नये. दोन्ही बाबतीत नुसते तेल ओतणे म्हणजे खूण पुसणे.

या दिव्याचा जन्मही पाहण्यासारखा आहे. पूर्वी सगळ्या चाकांचा ब्रेक एकाच नळीमार्गावर चाले. एक नळी फुटली की सगळे संपले. म्हणून मार्ग दोन केले. पण मग एक निम्मा मेला तरी दुसऱ्यावर गाडी कशीबशी थांबते आणि चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना असे दोन मार्ग आणि सोबत इशाऱ्याचा दिवा सक्तीचा झाला, तो यासाठीच. जेऊरच्या रस्त्यावर मला वाचवले ते उरलेल्या निम्म्याने.

आणखी एक. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते तेल नव्हेच. त्यात चुकून इंजिनचे ऑइल गेले तर आतली रबरे फुगून बाद होतात. शिवाय ते हवेतली ओल पिते. डॉट ३ प्रतीचे नवे द्रव २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओल प्यालेले १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. माझे किती वर्षांचे होते, ते मिस्त्रींनी रंगावरूनच ओळखले. काळा चहा.

दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर आणि लायनर बदलले. मी पेडल मारायचे, दाबून धरायचे आणि त्यांनी खालून एअर काढायची, असे तासभर चालले. नात शेजारी उभी राहून मोजत होती. शेवटी मिस्त्रींनी मीटर खोलले आणि हात पुढे केला, “बल्ब?”

कप्प्यातून पुडी काढली. प्रसादाची साखर काचेला चिकटली होती. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, बल्ब बसवला आणि मला हँडब्रेक ओढून किल्ली फिरवायला सांगितले. दिवा लागला. हँडब्रेक खाली केला, विझला. “पुन्हा,” नात म्हणाली. पुन्हा लावला.