घाटात नीट चालणारी जुनी जिप्सी पठारावर चढताना का बंद पडते? घोळ कार्ब्युरेटरच्या वाटीत असतो

सातारा-सांगली पट्ट्यात जुनी पेट्रोल जिप्सी नाहीतर विलिस जीप सांभाळणारे हौशी लोक कमी नाहीत. आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. गाडी यवतेश्वरचा घाट आरामात चढते, कासला जाऊन येते, काही त्रास नाही. पण तीच गाडी चाळकेवाडीच्या पठारावर किंवा शिराळ्यात गुढे पाचगणीकडे एखाद्या कच्च्या, उभ्या वाटेला घातली की खोकायला लागते, काळा धूर सोडते आणि नेमकी चढाच्या मध्यावर बंद पडते.

मग गाडी गॅरेजला जाते. मेकॅनिक स्क्रू इकडेतिकडे फिरवतो, गाडी मस्त आवाज काढते, मालक खुश. पुढच्या रविवारी परत तेच.

कारण सोपं आहे, गॅरेजची जमीन सपाट असते.

आधी कार्ब्युरेटर करतो काय ते बघू. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणं एवढंच त्याचं काम. साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल, तेही वजनात. हे पेट्रोल टाकीतून थेट येत नाही. कार्ब्युरेटरला एक छोटी वाटी असते, तिच्यात आधी साठतं. वाटीत एक फ्लोट तरंगतो. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, अगदी तसाच. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि निडल आत येणारी वाट बंद करते. ज्या नळीतून पेट्रोल हवेत ओढलं जातं, तिच्या तोंडापेक्षा ही पातळी काही मिलिमीटर खाली ठेवलेली असते.

आता हे सगळं तिरकं करा.

वाटीचा मध्य आणि नळीचं तोंड यात 3 सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. डांबरी घाटात 5 अंशांचा चढ असला तर दोघांच्या पातळीत फरक पडतो अडीच मिलिमीटरच्या आसपास. तेवढं चालून जातं. कच्च्या वाटेवर चढ 20 अंशांचा झाला की हाच फरक 1 सेंटिमीटरच्या वर जातो. वाटी नळीच्या पुढच्या बाजूला असेल तर नाक वर झालं की पेट्रोल न ओढताच इंजिनात सांडायला लागतं. गॅरेजच्या भाषेत गाडी ओव्हरफ्लो मारते. वाटी मागच्या बाजूला असेल तर उलटं होतं, नळीपर्यंत पेट्रोल पोचतच नाही आणि इंजिन उपाशी मरतं. त्यात खड्ड्यांमुळे फ्लोट उड्या मारतो, निडल नीट बसत नाही, म्हणजे अजूनच भर.

बरेच जण याचा दोष उंचीवर टाकतात. वर हवा विरळ असते हे खरंच आहे. पण सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आणि महाबळेश्वर 1350 च्या आसपास. म्हणजे हवा विरळ होऊन होऊन 8 टक्के. लडाखमध्ये 5000 मीटरवर हीच हवा 40 टक्क्यांनी विरळ होते, तिथे जेट बदलायचा विचार करावा लागतो. आपल्या सह्याद्रीत त्यासाठी जेट बदलणं म्हणजे पैसे फुकट. उलट लहान जेट टाकून गाडी सांगलीला खाली आणली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि नॉकिंग सुरू होतं.

मग करायचं काय? पहिल्यांदा निडल आणि तिची सीट बघायची. ती झिजली असेल तर बाकी कितीही ट्युनिंग करा, उपयोग शून्य. त्यानंतर फ्लोटची पातळी. कंपनीने दिलेल्या मापात राहूनच ती किंचित खाली घ्यायची. जुन्या पितळी फ्लोटला पत्र्याची जीभ असते, ती हलक्या हाताने वाकवली की पातळी बदलते. फार खाली घेतली तर फुल रेसला गाडी उपाशी राहते, म्हणून एका वेळी अर्धा मिलिमीटर बस. काही कार्ब्युरेटरच्या वाटीला काच असते, तिच्यातून पातळी सरळ दिसते. वाटीला हवा देणाऱ्या छिद्राला नळी असेल तर ती वर नेऊन बांधायची, म्हणजे तिथून पेट्रोल सांडत नाही. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडलं तर आगच लागायची, त्यामुळे हे काम टाळू नये.

स्क्रूचा नंबर शेवटी, इंजिन गरम झाल्यावर. आणि हो, हा स्क्रू फक्त आयडलचं मिश्रण ठरवतो. चढावर भरपूर रेस दिलेली असताना त्याचा फारसा संबंध उरत नाही. चढासाठी आयडल थोडं वाढवून ठेवलेलं मात्र बरं.

खरी परीक्षा उतारावरच घ्यायची. गाडी नाक वर करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना मोठे दगड लावा आणि इंजिन चालू ठेवा. पेट्रोलचा वास आणि काळा धूर आला तर ओव्हरफ्लो. वास नाही पण रेस दिली की इंजिन अडखळतंय, तर उपासमार. प्लग काढूनही कळतं. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

(महिंद्राच्या डिझेल जीपवाल्यांनी यातलं काहीच करू नये, डिझेलला कार्ब्युरेटरच नसतो. जिप्सीलाही 2000 साली फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोल पंपाच्या दाबाने येतं, त्यामुळे वाटीचा प्रश्नच मिटला.)

एवढं करूनही गाडी चढावर बंद पडलीच तर? इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम थांबतो. पहिल्या दोन-तीन दाबांनंतर पॅडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक एकदाच दाबायचा आणि सोडायचा नाही. क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा. चोक न ओढता, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरत स्टार्टर मारला की ओव्हरफ्लो झालेलं इंजिन बहुतेक वेळा लागतं, पण त्यासाठी पाय रिकामा हवा. तेव्हा आधी हँडब्रेक ओढायचा आणि सोबतच्याला खाली उतरवून बाजूने चाकामागे दगड लावायला सांगायचा. इंजिन लागलं की क्लच पूर्ण सोडून, रिव्हर्स गिअरच्या ताकदीवर, सरळ मागे खाली यायचं. मध्येच गाडी आडवी वळवायची नाही. न्यूट्रलमध्ये तर अजिबात सोडायची नाही.